चिमणा कुठं होता?

"सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट पाहिजे," नाना म्हणाले. "लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत. सांगायची नव्यानं, पण ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही आपलीच आहे."

नाना धुळ्यात अहिराणी व्हिडिओ बनवतात. पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचे. मग मोबाईलवर बघायचे विनोदी व्हिडिओ काढायला लागले. धुळ्या-जळगावपासून सुरतेपर्यंत, जिथं जिथं आपली माणसं कामाला गेलीत, तिथं ते बघितले जाऊ लागले. मी त्यांचे संवाद लिहायचे. सासू-सुनेची भांडणं, व्याह्याचा पाहुणचार, बायकोला घाबरणारा नवरा. लोक हसायचे आणि माझं व मुलीचं घर चालायचं. आता नानांना एक मोठा सिनेमा करायचा होता.

मी पटकन म्हणाले, "चिमणी-कावळ्याची करू."

"ती तर बाळगोष्ट आहे."

"माणसांची करू. आणि कावळ्याच्या बाजूनं."

गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक आहे. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. कावळा चिमणीच्या दारात येऊन दार उघड म्हणतो आणि ती आतून थांब थांब म्हणत राहते. बाळाला आंघोळ घालायची आहे, पावडर लावायची आहे, झोपवायचं आहे. लहानपणी ऐकताना आपण चिमणीच्या बाजूला असतो. घरात, उबेत. बाहेर भिजतोय त्याचं काही वाटत नाही.

माझ्या सिनेमात कावळ्याची कावळी झाली होती. ही कल्पना मला कुठून सुचली ते मी नानांना तेव्हा सांगितलं नाही.

लग्न होऊन मी जळगावला गेले होते. नवरा पाइपच्या कारखान्यात होता. मारहाण फारशी नव्हती. पण कामावर जाताना तो बाहेरून कडी लावून जायचा. सुरुवातीला म्हणायचा, चोऱ्या फार होतात. नंतर काही म्हणायचाही नाही. मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा तिला तोच सोडायचा, तोच आणायचा, आणि पुन्हा कडी. मी खिडकीतून खालच्या बाईशी बोलायचे. एका सकाळी तो मुलीलाही आत ठेवून कडी लावून गेला. रात्री तिनं त्याला उलटून उत्तर दिलं होतं, त्याची शिक्षा. दुपारच्या आत मी खालच्या बाईला हाक मारून कडी काढायला लावली, एका पिशवीत कपडे भरले, मुलीचा हात धरला आणि धुळ्याची गाडी पकडली.

धुळ्यात माझं माहेर. आई-बाबा दोघंही नाहीत. बाबांनी बांधलेल्या घरात माझा मोठा भाऊ राहतो, वहिनी, आणि तेव्हा त्यांना नुकतंच झालेलं बाळ. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. लोखंडी दार इतकं तापलं होतं की मी पदर गुंडाळून ते वाजवलं.

आतून वहिनींचा आवाज आला, "कोण?"

"वहिनी, मी. दार उघडा."

जरा वेळ काहीच नाही. मग, "थांबा हं ताई. बाळाला न्हाऊ घालतेय."

आम्ही ओट्यावर सावली शोधून उभ्या राहिलो. मग पुन्हा वाजवलं. बाळाला पुसतेय. पुन्हा वाजवलं. बाळाला दूध पाजतेय. माझ्या मुलीनं वर बघितलं आणि म्हणाली, "आई, मामी गोष्टीतल्यासारखं करतेय ना?" तिला तो खेळ वाटला. ती हसली.

मी दादाला फोन लावला. वाजत राहिला, त्यानं उचलला नाही. मला वाटलं, कामावर आहे, मशीनच्या आवाजात ऐकू जात नसेल.

मग मुलीला लघवीची घाई झाली. तिनं स्वतःच दारावर हात मारून सांगितलं, "मामी, मला शू आलीय." आतून उत्तर नाही. ती पाय आवळून उभी राहिली, नाचली, रडली आणि शेवटी ओट्यावरच तिचा फ्रॉक ओला झाला. ती माझ्याकडं अशी बघायला लागली जणू आता मी तिला मारणार. बाळ झोपलंय, असं शेवटचं उत्तर आलं. त्यानंतर दार कितीही वाजवलं तरी आतून काहीच आलं नाही.

कॉलेजात माझ्याबरोबर नाटकात असलेली एक मैत्रीण धुळ्यातच, देवपुरात राहते. तिच्या आईनं आम्हाला गच्चीवरची खोली दिली. मैत्रिणीनंच पुढं मला नानांकडं नेलं. भाऊ नंतर एकदा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तू आली होतीस म्हणे. मी ड्यूटीवर होतो. तुझ्या वहिनीला अक्कल नाही." मला रडू आलं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. घरी चल, असं मात्र तो म्हणाला नाही, आणि तेही मी वहिनींच्याच खात्यात मांडलं. त्या बाईचा मी इतका राग केला की काही रात्री त्या रागावरच झोप लागायची.

सिनेमा लिहायला बसले आणि दार उघडेपर्यंतचं सगळं एका बैठकीत लिहून झालं. कावळी म्हणजे गावातली सावळी, एकटी बाई, तिचं शेणामातीचं घर नदीला पाणी आल्यावर जातं. ती डोक्यावर गाठोडं घेऊन चिमणीच्या स्लॅबच्या घरासमोर उभी राहते. "दार उघड वो माय, बठ्ठं वाही गयं." सगळं वाहून गेलं. आतून चिमणी म्हणते, थांब.

इथवर आलं की माझं लिहिणं थांबायचं. दार उघडल्यावर चिमणी काय म्हणते?

नाना म्हणाले, "त्यात काय? जुन्या गोष्टीत असतं तेच. अंग वाळव म्हणून तव्यावर बसवते. लोक पोट धरून हसतील."

"नाना, तिचं घर गेलंय."

"म्हणूनच तर हसवायचं."

मी चिमणीला रडवून पाहिलं, माफी मागायला लावून पाहिलं. खोटं वाटलं. मग तिला निर्लज्ज केलं, तिच्या तोंडी घाण घाण वाक्यं घातली. एक दिवस ते लिहिताना बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी वाचवेना. मला तिचा चेहराच दिसत नव्हता. दिसणार कुठून? त्या दिवशी मी फक्त दार पाहिलं होतं.

शूटिंग ठरलं. पिंपळनेरकडच्या एका गावात घर मिळालं, कलाकारांच्या तारखा ठरल्या. नाना रोज फोन करून शेवट मागायला लागले. हे काम गेलं तर पुढचं मिळेलच याची खात्री नव्हती, आणि नवऱ्याचा मैत्रिणीच्या दारात येऊन एकदा तमाशा करून झाला होता; तिथंही आम्हाला किती दिवस ठेवतील सांगता येत नव्हतं. मला जेवण जाईना. मुलगी शाळेतून आली की माझ्याकडं बघून गुपचूप कोपऱ्यात बसायची. शेवटी एका दुपारी, दादा कामावर गेल्याची खात्री करून, मी त्या दाराशी गेले आणि कडी वाजवली.

वहिनींनी लगेच उघडलं. त्या खूप वाळल्या होत्या. त्यांचं मूल आता धावायला लागलं होतं. ते त्यांच्या पायांमागून माझ्याकडं बघत होतं. वहिनींनी गल्लीत दोन्हीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "या. लवकर या आत."

त्यांनी पाणी दिलं. चहा ठेवायला निघाल्या तशी मी म्हणाले, "चहा नको. मी भांडायला आले नाही. चिमणी-कावळ्याचा सिनेमा लिहितेय. मला एवढंच सांगा, त्या दिवशी तुम्ही आत काय करत होता?"

वहिनी एरंडोलकडच्या. एरवी आमच्या घरात जपून, शहरी बोलायच्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडून घरची भाषा निघाली.

"त्या घरमाच व्हतात, ताई."

मला कळलं नाही. "कोण?"

"तुमचे भाऊ. घरातच होते."

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. मी जळगावहून निघाले तेव्हा माझ्या नवऱ्याला कुणीतरी कळवलं होतं. त्यानं दादाला फोन केला, की ती तुझ्याकडं येतेय, ठेवून घेतलीस तर कायमची तुझी. दादा सुट्टी टाकून घरी आला आणि दारामागच्या दिवाणावर बसला.

"मी कडीला हात लावला तर त्यांनी नुसती मान हलवली. मी खुणेनं विचारलं, काय सांगू? तर म्हणाले, सांग, न्हाऊ घालतेय. बाळ तर झोपलेलं होतं, ताई. सकाळीच आंघोळ झाली होती त्याची."

"मी फोन लावला होता."

"फोन हातातच होता त्यांच्या. आवाज बंद केला होता. तुमचं नाव यायचं, जायचं. बघत होते."

वहिनी खाली बघून बोलत होत्या.

"तुमची मुलगी शू आली म्हणाली तेव्हा मी उठले. त्यांनी माझा हात धरला. जोरात नाही. नुसता धरला. म्हणाले, थोडी कळ काढ. संध्याकाळपर्यंत उभी राहील आणि गाडी धरून परत जाईल. आपलं घर आहे तिला तिकडं." त्यांनी मुलाला जवळ ओढलं. "तुम्ही गेल्यावर ओटा मी धुतला."

"मला आजवर का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तुम्हाला ना आई ना बाप. तुमचा भाऊ तरी राहू द्यावा म्हटलं. वहिनी वाईट असली तर काय, वहिनी वाईट असतेच."

मी तिथून निघाले ती कुठल्या रस्त्यानं गेले आठवत नाही. मला आठवत होता तो दादा, जो मला सायकलच्या नळीवर बसवून नाटकाच्या तालमीला सोडायचा. प्रयोगाच्या दिवशी मागच्या रांगेतून त्याचीच शिट्टी पहिली यायची. तो माणूस दारापासून हातभर अंतरावर बसून माझं नाव फोनवर उजळताना आणि विझताना बघत होता. माझ्या मुलीचं रडणं त्यानं ऐकलं होतं. नंतर त्याच हातानं माझी पाठ थोपटली होती. वहिनींवरचा राग होता तोवर माझं माहेर कुठंतरी शिल्लक होतं. कधीतरी वहिनी सुधारेल, कधीतरी दादा तिला खडसावेल, असं मनाशी ठेवलेलं होतं. आता तेही राहिलं नाही. पुलावर येऊन मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली पांझरेत पाणी नव्हतं, नुसते दगड. मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती म्हणून मी तिथून निघाले. दुसरं काही कारण नव्हतं.

त्या आठवड्यात मी शेवट लिहिला. कावळी बाहेर थांबते आणि कॅमेरा घरात जातो. चिमणी दाराशी उभी आहे. मागं दिवाणावर चिमणा बसलाय. तो काही बोलत नाही. चिमणी त्याच्याकडं बघते, तो मान हलवतो, आणि ती बाहेर सांगते, थांब.

नानांनी वाचलं. "गोष्टीत चिमणा नाहीये."

"पिल्लू आहे म्हणजे चिमणा असणारच ना, नाना? तो कुठं होता, हे आजवर कुणी विचारलंच नाही."

नानांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. "करू," म्हणाले.

मे महिन्यात आम्ही त्या गावात पोचलो. नानांना पाऊस हवा होता, म्हणून टँकर मागवला आणि पाइपला भोकं पाडून घरावर लावला. गावात नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. आमचा पाऊस सुरू झाला तसा कावळीचं काम करणारी बाई भिजून हाका मारायला लागली, आणि बघायला जमलेल्या बाया हंडे, घागरी, पातेली घेऊन पागोळ्यांखाली घुसल्या. कुणीतरी त्यांना हाकलायला लागलं. नाना म्हणाले, "भरू द्या त्यांना. आपण नंतर घेऊ." हंडे भरेपर्यंत कावळी भिंतीला टेकून थरथरत उभी राहिली. त्या उन्हातही तिला थंडी वाजत होती.

आतला प्रसंग दुसऱ्या दिवशी घेतला. चिमण्याचं काम करणारा माणूस व्हिडिओंमध्ये बायकोला घाबरणारा नवरा करायचा. त्याला बघितलं की लोक आधीच हसायचे. मी त्याला एवढंच सांगितलं, "काही करू नका. नुसते बसा." तो बसला. हातात फोन. चिमणीनं कडीला हात लावून त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं अगदी थोडी मान हलवली. खिडकीच्या गजांना धरून उभी असलेली गावातली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "असाच बसस." असाच बसतो. ध्वनीवाल्यानं तिला गप्प केलं. मी बाहेर जाऊन टँकरच्या मागं उभी राहिले आणि तोंडात पदर कोंबला.

एडिटिंग चालू असताना नानांनी मला बोलावलं. त्यांनी खुर्ची दिली, तेव्हाच मला कळलं.

"चिमणा काढलाय," ते म्हणाले. "दार उघडतं आणि डायरेक्ट तवा. तव्याचं मागंच घेऊन ठेवलं होतं, तुला बोललो नाही."

"का, नाना?"

"सिनेमा घरात बघतात, बाई. घरातला बाप्या शेजारी बसलेला असतो. हे आलं की तो बंद करेल."

"करू दे ना बंद."

"मग बघणार कोण?"

मी हात जोडले. तेवढे काही क्षण ठेवा, माझं नाव काढून टाका, माझे पैसे देऊ नका, काय वाटेल ते बोलले. नाना आवाज चढवत नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला दोन बहिणी आहेत," ते म्हणाले. "त्याही बघतील."

मी जोडलेले हात खाली घेतले. त्यांचा एडिटिंग करणारा पडद्याकडं बघत माऊस नुसताच हलवत बसला.

सिनेमा आला आणि चालला. लोकांना तवा फार आवडला. रिक्षावाले एकमेकांना तव्यावर बसवायला लागले. माझ्या मुलीच्या शाळेत बाईंनी मला थांबवून अभिनंदन केलं. मुलीनं माझ्या मैत्रिणीच्या फोनवर तो पाहिला आणि कावळी बोंब मारत उडी घेते तिथं खदखदून हसली. मी तिला हसू दिलं. नानांनी ठरल्यापेक्षा थोडे जास्तच पैसे दिले आणि पुढचा विषय विचारला. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आवाज बारीक होता, मागं पंख्याची घरघर होती.

"पाहिला, ताई. चांगला झालाय."

"त्यात तो नाही, वहिनी. मी घातला होता. काढला त्यांनी."

"हो. मी वाट बघत होते." मग म्हणाल्या, "आम्ही सोबतच पाहिला. ते हसत होते. आणि चिमणीला शिव्या देत होते. म्हणाले, काय दुष्ट बाई आहे, दारात आलेल्याला असं करतात का."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, तिला कुणीतरी सांगितलं असेल."

"मग?"

"मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सिनेमा संपेपर्यंत हसले नाहीत." पंख्याचा आवाज येत राहिला. "ताई, रविवारी बाळाला घेऊन येऊ का तुमच्याकडं? तुमच्या मुलीलाही भेटले नाही कधीची."

"या ना. विचारताय काय?"

रविवारी मी सकाळीच स्वयंपाक केला. मुलीनं आपली जुनी खेळणी धुऊन गच्चीवर वाळत घातली. दुपार गेली, ऊन कललं, त्या आल्या नाहीत. फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद. शेवटी मैत्रीण काहीतरी निमित्त काढून त्या गल्लीत जाऊन आली. शेजारच्या बाईनं तिला सांगितलं, की दादा त्यांना बाळासकट एरंडोलला माहेरी पोचवून आलाय, थोडे दिवस म्हणे. भांडण कुणी ऐकलं नाही. बॅगा मात्र मोठ्या होत्या.

त्याला आता महिना होत आला. त्यांचा फोन अजून लागत नाही. वहिनींच्या आईबापाच्या पश्चात तिथं त्यांचे भाऊ-भावजय राहतात, एवढंच मला माहीत आहे. घर कुठल्या आळीत आहे तेही ठाऊक नाही. दादाला विचारायला गेले तर तो ओट्यावर पेपर वाचत बसला होता. म्हणाला, "बाळंतपणानंतर विश्रांती झाली नव्हती तिची. येईल." बाळ आता बोलायला लागलंय.

उद्या मुलीला सुट्टी आहे. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं एरंडोलला निघणार आहोत. विचारत विचारत जाऊ.